ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या) पिल्लांचं आतडं : हिवाळी लॉटच्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

कॉलेजच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीचं मंजुरीपत्र आलं. त्यात दोन अटींवर जोर आहे : पिल्लं मारण्याचं काम पशुवैद्यक डॉक्टरांच्याच हातून व्हायचं, आणि गरजेपेक्षा एकही पिल्लू जास्त घ्यायचं नाही. दर खेपेला दोन शेडमधून सहा-सहा पिल्लं. वयं ठरली २, ४, ७, १४, २१ आणि २८ दिवस. विषय आमच्या मार्गदर्शक मॅडमनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिला : अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या आतड्यात रोगप्रतिकारक पेशी कुठे, कधी आणि किती जमतात.

माणसाच्या काखेत, मानेत, जांघेत लसिकाग्रंथी असतात. कोंबडीला तशा ग्रंथी नाहीतच. तिचा बराचसा बंदोबस्त आतड्याच्या भिंतीतच आहे. लहान आतड्यातले पेयर्स पॅचेस (रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके), बलकाच्या देठाच्या जागी उरणारं मेकेल्स डायव्हर्टिक्युलम, दोन सीकमांच्या (एका टोकाला बंद असलेल्या आतड्याच्या नळ्यांच्या) मानेशी बसलेले सीकल टॉन्सिल आणि गुदद्वाराच्या वरच्या बाजूला, क्लोएकाला (विष्ठा-मूत्राच्या सामाईक पोकळीला) जोडलेली बर्सा ही पिशवी. यांच्याशिवाय आतड्याच्या अस्तरात एकेकट्या शिरलेल्या पेशी आहेतच. सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या आहेत त्या मुख्यतः याच.

२७ नोव्हेंबर

दिंडोरी तालुक्यात पोल्ट्रीवाल्या तात्यांचं शेड पाहून आलो. द्राक्षबागेच्या कडेला पूर्व-पश्चिम दोन शेड, दोन्हींना नवे पडदे लावलेले. तूस इगतपुरीकडून आलाय, कोरडा आणि बिनवासाचा. पद्धत नेहमीची करारातली : पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, शेड, लाईट, तूस आणि मजुरी तात्यांची.

आत जाण्याआधी चुन्यातून पाय घालायला लावले आणि चपला बाहेर ठेवायला सांगितल्या. प्रकल्पातल्या माझ्या जोडीदारानं "एवढं कशाला" असा चेहरा केला, तो तात्यांनी बरोबर टिपला. "२००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा इथं नाशकात कोंबडी फुकट कुणी घेईना. तेव्हापासून पाहुणा असो नाहीतर जावई, चुन्यातूनच यायचं." त्यापुढे आम्ही काय बोलणार!

त्यांची अट एकच : कंपनीच्या सुपरवायझरला आधी विचारा. विचारलं. त्यांची हरकत नाही. लसीचं वेळापत्रक मात्र बदलायचं नाही. आमचीही तशी इच्छा नाही. खऱ्या शेडमध्ये काय होतं तेच बघायचंय.

५ डिसेंबर (पिल्लांचा पहिला दिवस)

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. महिनाभर घरोघरी मटण-चिकन बंद, म्हणून रेट पडलेला. तात्यांचा हिशोब असा की आता टाकलेला लॉट संक्रांतीच्या आसपास निघेल, तोवर बाजार सुधारलेला असेल.

गाड्या दोन, पुण्याकडच्या एकाच हॅचरीतून आणि एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांच्या. पहिली संध्याकाळी पोचली. दुसरी संगमनेरजवळ रस्त्यात अडकल्याचा फोन आला. ती उद्या सकाळी येईल. म्हणजे पहिल्या शेडची पिल्लं आज खातील आणि दुसऱ्या शेडची जवळपास रात्रभर खोक्यातच राहतील. हे आम्ही योजलेलं नव्हतं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "ठरल्याप्रमाणेच नमुने घ्या, फक्त दोन्ही शेडच्या वेळा मिनिटांसकट लिहा."

पिल्लं उतरवताना पाहण्यासारखं होतं. तुसावर वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यांवर बारीक प्री-स्टार्टर खाद्य पसरलेलं, चिक गार्डच्या (पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाच्या) आत गॅस ब्रूडर (ऊब देणारी शेगडी) तापलेला, ड्रिंकरमध्ये गुळाचं पाणी. तात्यांच्या घरच्या काकूंनी खोकं हलकेच तिरकं केलं. पिल्लं धडपडत बाहेर आली आणि गोंधळून जागच्या जागी उभी राहिली. मग काकू उकिडव्या बसल्या आणि कागदावर बोटांनी टकटक करू लागल्या. दोन-तीन पिल्लं आवाजाकडे वळली, एकानं दाणा टिपला, आणि पाचेक मिनिटांत सगळ्या कागदावर पाऊस पडल्यासारखा आवाज सुरू झाला. कुठल्याही पिल्लाला कोंबडी आईनं शिकवलेलं नसतं. इथं ते काम काकूंचं बोट करतं.

ब्रूडरखाली पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३३ अंश. बाहेर स्वेटर घालूनही हात गारठलेले.

६ डिसेंबर

दुसरी गाडी सकाळी आली. पिल्लं जिवंत, पण मलूल. पायांची कातडी सुरकुतलेली. खोक्यात मेलेली फारशी नाहीत. गूळपाणी, कागद आणि खाद्य तसंच दिलं.

पहिल्या शेडमध्ये गळ्याची पिशवी चाचपून पाहिली. चोवीस तासांच्या आत जवळपास प्रत्येक पिल्लाची पिशवी भरलेली आणि मऊ लागायला हवी. कडक लागली तर खाद्य मिळालं पण पाणी कमी पडलं असं समजायचं. बहुतेक मऊ लागल्या. दुसऱ्या शेडची तपासणी रात्री काकू करतील, त्यांचा हात आमच्यापेक्षा तयार आहे.

एक गोष्ट इथं लिहून ठेवते, नाहीतर पुढे विसरायला होईल. "एक दिवसाचं पिल्लू" हा शब्द फसवा आहे. हॅचरीत सगळी अंडी एका क्षणी फुटत नाहीत. पहिलं पिल्लू आणि शेवटचं पिल्लू यांच्यात चोवीस तासांहून जास्त अंतर पडू शकतं, आणि सगळ्यांना बाहेर काढतात एकदमच. मग मोजणी, मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस, खोकी, गाडी. त्यामुळे पहिल्या शेडमधली काही पिल्लंही शेडवर येईपर्यंत दीड दिवस उपाशी असतील. दोन शेडमधली आमची तुलना "ताबडतोब खाल्लेलं" विरुद्ध "उशिरा खाल्लेलं" अशी स्वच्छ नाही. "उशिरा" विरुद्ध "आणखी उशिरा" एवढंच म्हणता येईल. शिवाय दोन शेड म्हणजे दोन वेगळी हवामानं. याला प्रयोग म्हणायचं नाही, निरीक्षण म्हणायचं.

७ डिसेंबर (वय २ दिवस)

पहिले नमुने. चंपाषष्ठी असल्यानं तात्यांच्या घरी वांग्याचं भरीत आणि रोडग्यांचा बेत. आम्हाला जेवल्याशिवाय निघू देणार नाहीत हे आल्याआल्याच कळलं.

डॉक्टरांचा हात जलद आहे. पिल्लाला कळायच्या आत काम होतं. त्यानंतर मात्र आमची घाई. आतडं मरणानंतर फार लवकर विरघळू लागतं. अस्तराच्या पेशी आपल्याच पाचकरसात सुटतात, आणि उशीर केला तर स्लाइडवर विलाय (अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे) यांची टोकं गळून पडलेली दिसतात. म्हणून फॉर्मॅलिनच्या बाटल्या आधीच उघडून, लेबलं आधीच लावून ठेवलेली.

पोट उघडल्यावर पहिल्यांदा दिसतो तो बलक. हिरवट-पिवळी पिशवी, लहान आतड्याच्या मध्यावर बारीक देठानं लटकलेली. पहिल्या शेडच्या पिल्लांत ती लहान झालेली, दुसऱ्या शेडच्या बहुतेकांत अजून टम्म. उपाशी पिल्लू बलकावर जगतं हे खरं, पण खाद्य पोटात गेलं की आतडं हलायला लागतं आणि बलकही लवकर ओढला जातो. तात्यांना दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे खायला दिलं तर शिदोरीपण लवकर संपते. उलटंच की!" उलटंच आहे खरं. त्या बलकातून नुसतं अन्नच येत नाही. आईचे आयजीवाय प्रकारचे प्रतिपिंडही त्यातूनच पिल्लाच्या रक्तात उतरतात. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लू जे तग धरतं ते बरंचसं आईच्या या पुंजीवर.

सीकल टॉन्सिल या वयात डोळ्यांना दिसत नाही. कुठे कापायचं हे जागेवरून ठरवायचं. लहान आतडं जिथं मोठ्या आतड्याला मिळतं तिथं दोन्ही बाजूंना दोन सीकम चिकटून वर गेलेले असतात. त्या सांध्यापासून काही मिलिमीटर वर तिन्ही नळ्या एकत्र आडव्या कापल्या, तर एकाच छेदात मध्ये आयलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग) आणि दोन्ही बाजूंना सीकमची मान येते. बारीक कात्रीनं, नळ्या न दाबता. दाबल्या की विलाय एकमेकांत घुसतात आणि मग मोजायला काही उरत नाही.

लहान आतड्याची उरलेली लांबी उभी चिरून, आतलं मिठाच्या पाण्यानं धुऊन, काडीवर गुंडाळली आणि टाचणीनं अडकवली. अशी गुंडाळी आडवी कापली की एकाच स्लाइडवर सगळी लांबी येते. जोडीदार म्हणाला, "ही तर सुरळीची वडी." त्यानंतर आमच्या वहीत त्या नमुन्याचं नाव तेच पडलं. मॅडमनी अजून पाहिलेलं नाही.

९ डिसेंबर (वय ४ दिवस)

नमुने घेतले. पहिल्या शेडमध्ये बलक वाटाण्याहून लहान, दुसऱ्यात रेंगाळलेला. दुसऱ्या शेडमध्ये काही पिल्लांची गुदद्वारं चिकटलेली. काकू कोमट पाण्याच्या फडक्यानं एकेकाचं पुसत बसलेल्या. मर थोडी जास्त.

११ डिसेंबर

थंडी वाढली. निफाडच्या पाऱ्याची बातमी दरवर्षीप्रमाणे पेपरात. तात्या रात्री दोनदा उठून पडदे बघतात. पिल्लं ब्रूडरखाली ढीग करून बसली तर गारठा आहे, लांब पळून चोच उघडी टाकून बसली तर उष्णता जास्त. थर्मामीटरपेक्षा त्यांचा या पसरण्यावर जास्त भरवसा, आणि तो बरोबरच आहे. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लाला स्वतःचं तापमान नीट सांभाळता येत नाही.

१२ डिसेंबर (वय ७ दिवस)

लासोटा ही लस झाली, रानीखेत रोगाची, डोळ्यात थेंब. उत्तराखंडातल्या रानीखेतवरून रोगाला नाव पडलं, आणि आपल्याकडे न्यूकॅसल म्हटलं तर शेडवर कुणाला कळणार नाही.

आतड्याची वाढ अचाट आहे. जन्मताना चाळीस-बेचाळीस ग्रॅमचं पिल्लू आठवड्यात चौपट होतं, आणि या काळात लहान आतडं बाकीच्या शरीराहून वेगानं वाढतं. कात्रीलाही ते जाणवतं. ७ तारखेला जे ओलसर दोऱ्यासारखं हाताला येत नव्हतं ते आज व्यवस्थित पकडता येतंय.

बर्सा बोटांत धरता येण्याएवढी मोठी झाली. उघडली की आत डझनभर उभ्या घड्या, आणि त्या घड्यांत हजारो पुटकुळ्या. हिचा माग १६२१ पर्यंत जातो, इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांच्या मरणोत्तर छापलेल्या ग्रंथापर्यंत. उपयोग मात्र १९५०च्या दशकापर्यंत कुणाला ठाऊक नव्हता. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक बर्सा काढून टाकलेल्या कोंबड्या पाळत होता. वर्गाला प्रतिपिंड कसे तयार होतात ते दाखवायला टिमोथी चँगनं त्यातल्या काही उसन्या घेतल्या, साल्मोनेला जंतू टोचला, आणि प्रतिपिंड आलेच नाहीत. निबंध 'सायन्स' नियतकालिकानं नाकारला. १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला. प्रतिपिंड बनवणाऱ्या बी पेशींमधला "बी" या बर्साचा. प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी बी पेशी पाठ करतो, पण त्यातली कोंबडी मागेच राहते.

१७ डिसेंबर

आजपर्यंतचे ब्लॉक (मेणात बसवलेले नमुने) कापले. पाच मायक्रॉनची फीत, कोमट पाण्यावर पसरवून स्लाइडवर घेणं. मेण ५८ अंशांवर वितळवताना वीज गेली, पण लॅबमधल्या दादांनी ओव्हनचं दार तासभर उघडू दिलं नाही, त्यामुळे काही बिघडलं नाही.

दोन दिवसांच्या पिल्लाचे छेद पाहिले आणि बराच वेळ नुसतं पाहत बसलो. बर्सात पुटकुळ्या गच्च भरलेल्या, निळ्या-जांभळ्या लिम्फोसाइट्सनी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींनी) ठासून. त्याच पिल्लाचं सीकल टॉन्सिल पाहावं तर जवळपास मोकळं : अस्तराखाली विरळ संयोजी ऊती, मध्ये एखाद-दुसरी गोल पेशी. बर्सात पूर्वज पेशी अंड्यातल्या आठव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान येऊन बसतात. पिल्लू फुटेपर्यंत तिथं भरपूर बी पेशी असतात, पण आतड्यात अजून पोचलेल्या नसतात. शिवाय बर्सात जन्मणाऱ्या पेशींपैकी बहुतेक तिथंच मरतात; थोड्याच बाहेर पडतात.

कोंबडीची आणखी एक तऱ्हा. प्रतिपिंडाच्या जड आणि हलक्या साखळीसाठी तिच्याकडे कामाचं व्ही जनुक (जंतू ओळखणारा भाग घडवणारं) एकेकच आहे. माणसासारखे डझनभर पर्याय नाहीत. मग विविधता येते कुठून? शेजारी पडलेल्या निकामी जनुकांचे तुकडे उचलून त्या एका जनुकात भरायचे, आणि हे काम चालतं बर्सात. म्हणून बर्सा गेली की नुसती संख्याच घटते असं नाही, प्रतिपिंडांतली विविधताही आटते.

आणि शेडवर सांगितल्यावर सगळे हसले ती गोष्ट : पिल्लाचं गुदद्वार बाहेरचं द्रव्य थोडंथोडं आत ओढतं, ते बर्सापर्यंत पोचतं. तुसावर जे काही आहे, त्याची चव बर्सा अशी रोज घेते. तात्या : "म्हणजे तूस चांगला पाहिजे ते दोन्ही बाजूंनी."

१९ डिसेंबर (वय १४ दिवस)

गंबोरो या विषाणूजन्य रोगाची लस पाण्यातून. पहाटे ड्रिंकर वर उचलले, दोनेक तास पाणी बंद. मग लसीच्या पाण्यात दूध पावडर, कारण नळाच्या क्लोरीननं लसीतला जिवंत विषाणू मरतो. निळा रंग मिसळला होता. थोड्या वेळानं पिल्लं उचलून जिभा पाहिल्या. निळी जीभ म्हणजे लस पोटात. कोपऱ्यातल्या दोन-तीन जिभा गुलाबीच निघाल्या, तर काकूंनी त्या बाजूला ड्रिंकर हलवला.

दिवस चौदावाच का, असं जोडीदारानं विचारलं. गंबोरोचा विषाणू बर्सातल्या वाढत्या बी पेशी मारतो. तिसऱ्या आठवड्याच्या आत लागण झाली तर पिल्लू वरून ठीक दिसतं, पण बर्सा कायमची पोकळ होते आणि पुढच्या कुठल्याही लसीला नीट प्रतिसाद मिळत नाही. मग लवकर का देत नाहीत? कारण आईकडून आलेले प्रतिपिंड लसीतल्या विषाणूलाही रोखतात. ते साधारण दर तीन-चार दिवसांनी निम्मे होत जातात. फार लवकर दिली तर लस वाया, फार उशिरा दिली तर रोग आधी पोचलेला. मधली खिडकी अरुंद आहे आणि प्रत्येक कळपात थोडी सरकते. आमच्या स्लाइडमधला चौदाव्या दिवसाचा छेद नेमका याच खिडकीत पडतो, म्हणून त्याची मला सगळ्यात जास्त उत्सुकता.

२४ डिसेंबर

मोजणीचा दिवस. स्लाइडवरची नावं लॅबमधल्या दादांनी झाकून नुसते आकडे दिलेत, कोणती कुठल्या शेडची ते आम्हाला माहीत नाही. विलायच्या अस्तरातल्या शंभर पेशींमागे किती लिम्फोसाइट्स शिरल्यात, एवढं मोजायचं.

पक्ष्यांत एक अडचण पदोपदी येते. त्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं. केशवाहिनीतली अशी पेशी आडवी कापली गेली की गोल, गडद ठिपका दिसतो आणि नवख्या डोळ्याला लिम्फोसाइट वाटतो. ओळखायची खूण : तांबड्या पेशीचं केंद्रक लांबट, भोवती नारिंगी-लाल द्रव्याची कड, लिम्फोसाइटचं केंद्रक गोल आणि त्याभोवती द्रव्य जवळपास नाहीच. दुसरा घोळ हेटरोफिलचा. आपल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं काम कोंबडीत ही पेशी करते, आणि तिच्यातले लाल, काडीसारखे कण पाहून कुणीही इओसिनोफिल (दुसरी पांढरी पेशी) म्हणून टाकेल. आम्ही दोघं वेगवेगळे मोजतो आणि फरक पडला की एका स्लाइडवर दोन डोळे लावून भांडतो.

दुपारपर्यंत नजर शिणली. चहा आणि मिसळ. काऊंटर खिशातच राहिला.

२६ डिसेंबर (वय २१ दिवस)

नमुने घेतले. सीकल टॉन्सिल आता नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतं, सीकमच्या मानेवर फुगवटा. पिल्लं आता पिल्लं राहिली नाहीत. एका हातात मावत नाहीत.

३१ डिसेंबर

मार्गशीर्ष काल संपला, आज थर्टी फर्स्ट. दुकानांसमोर रांगा. तात्यांचा फोन : रेट उचललाय. करारात त्यांना वाढवणुकीचे पैसे मिळतात, रेटचा थेट संबंध कमी, तरी आवाजात खुशी.

२ जानेवारी २०२५ (वय २८ दिवस)

शेवटचे नमुने. पिल्लं मारण्याचं काम संपलं, डॉक्टरांचे आभार मानून पेढे दिले.

९ जानेवारी

पीएएस (श्लेष्मा दाखवणारं) रंगकाम केलं. श्लेष्मा स्रवणाऱ्या गॉब्लेट पेशी जांभळट-गुलाबी उठून आल्या. दोन दिवसांच्या पिल्लात त्या कमी आणि विरळ, चौदाव्या दिवशी विलायच्या बाजूंनी ओळीत. रोगप्रतिकारात श्लेष्म्याला कुणी फार मान देत नाही, पण जंतूला पहिली अडचण होते ती त्याचीच.

१३ जानेवारी

लॉट निघाला. रात्रीच गाड्या आल्या, पहाटेपर्यंत शेड रिकामी. उद्या संक्रांत. कोंबडखताची चौकशी करायला आसपासचे द्राक्षवाले आधीच येऊन गेलेत.

२० जानेवारी

झाकलेली नावं उघडली. मॅडमच्या खोलीत बसून दोन्ही शेड एकमेकांशेजारी मांडले.

दोन्ही शेडमध्ये सारखं दिसलं ते आधी. पहिल्या दिवसांत आतड्याच्या अस्तरात लिम्फोसाइट्स आहेत, पण थोड्या. चौथ्या ते सातव्या दिवसात त्या वाढतात, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एकदा चढ येतो. सीकल टॉन्सिलमध्ये गर्दी होते ती सातव्या दिवसानंतर, आणि व्यवस्थित गोल केंद्र बांधलेली दिसतात ती तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे पेशी आधी येतात, संघटना नंतर होते. वाचनात आलेल्या कामांशी हे जुळतं : सुरुवातीला टी पेशी आणि एनके पेशी (दोन्ही लिम्फोसाइट्सचेच प्रकार), त्यांची कामाची तयारी टप्प्याटप्प्यानं, आणि आतड्यात स्वतःचा आयजीए प्रकारचा प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी दुसऱ्या आठवड्यापासून पुढे. आईची पुंजी उतरत असते आणि पिल्लाची स्वतःची अजून चढत असते, तो हा मधला काळ. शेडमध्ये रोग शिरायचा असेल तर बहुधा इथंच शिरतो, आणि शेडवाल्यांना हे आकड्यांशिवायही ठाऊक आहे.

फरक कुठे? चौथ्या दिवशी दुसऱ्या शेडची पिल्लं लहान आतड्यात थोडी मागे होती. सातव्या दिवसापर्यंत ती बरोबरीला आली. सीकल टॉन्सिल आणि बर्सामध्ये मात्र मागेपण जास्त काळ टिकलं, चौदाव्या दिवशीही झाकलेल्या स्लाइड पाहून आम्ही बऱ्याचदा शेड बरोबर ओळखला. एकविसाव्या दिवशी ओळखता येईना. खालच्या आतड्यावर जास्त परिणाम का, याचं मला पटणारं कारण असं : लहान आतड्याला खाद्य आणि बलक दोन्ही मिळतात, पण सीकमला जाग येते ती तिथं जंतूंची वस्ती बसल्यावर, आणि ती वस्ती खाद्य पोचल्याशिवाय बसत नाही. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातलं द्रव्य नुकत्या फुटलेल्या पिल्लांना पाजून त्यांना साल्मोनेलापासून वाचवलं होतं. नैसर्गिकरीत्या पिल्लाला ही वस्ती आईच्या विष्ठेतून मिळते. हॅचरीतल्या पिल्लाला आई दिसतच नाही. त्याला ती मिळते तुसातून, पाण्यातून, काकूंच्या बोटांमधून.

मॅडमनी लगेच दोरी ओढली. "दोन शेड, दोन गाड्या, थंडीची लाट. खाद्याच्या उशिरामुळे झालं हे तुम्ही लिहायचं नाही. 'सोबत दिसलं' एवढं लिहा." बरोबर आहे. दुसऱ्या शेडची पिल्लं खोक्यात गारठली असतील, त्यांनी पाणीही उशिरा प्यायलं. तीन कारणं एकत्र बांधलेली, सुटी करायची तर वेगळा प्रयोग हवा.

संध्याकाळी तात्यांकडे गेलो. त्यांनी लांबण ऐकून घेतली आणि सरळ विचारलं, "मग मी काय करू? पहिले तीन दिवस पाण्यात औषध देतात ते बंद करू?" हा प्रश्न मी टाळू शकत नाही आणि उत्तरही देऊ शकत नाही. औषध दोन्ही शेडमध्ये सारखंच दिलेलं होतं, त्यामुळे आमच्या स्लाइड त्यावर काहीच बोलत नाहीत. माझं मत विचाराल तर निरोगी पिल्लाला सवयीनं पहिल्या दिवशी अँटिबायोटिक पाजणं चुकीचं आहे, युरोपनं २००६ पासून वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद केली आणि भारतानं २०१९ मध्ये पशुखाद्यातलं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक बंद केलं ते उगीच नाही. पण हे मत आहे, आमच्या नोंदींचा निष्कर्ष नाही, आणि औषधाचा निर्णय डॉक्टर व कंपनीचा. तसंच त्यांना सांगितलं. खाद्याचं मात्र मोकळेपणी बोलता आलं : गाडी यायच्या आधी कागद पसरलेले, पाणी खोलीच्या तापमानाला आलेलं, आणि उशिरा आलेली खोकी आधी उतरवायची. तात्या म्हणाले, "ते तर आम्ही करतोच," आणि काकू आतून म्हणाल्या, "करता कुठे, मोजणी आधी करता." त्यावर दोघांचं जे सुरू झालं ते मी वहीत लिहीत नाही.

पुढचं काम. टी पेशी नक्की किती आणि बी पेशी किती हे साध्या रंगावरून सांगता येत नाही, दोन्ही गोल आणि गडद. टी पेशींवरच्या सीडी३ या प्रथिनासाठीची एक प्रतिपिंड माणसासाठी बनवलेली असूनही कोंबडीच्या मेणाच्या ब्लॉकवर चालते, कारण तिनं धरलेला प्रथिनाचा तुकडा दोघांत जवळपास सारखा आहे. कोंबडीसाठीच्या बऱ्याचशा बाकीच्या प्रतिपिंडांना गोठवलेले छेद लागतात आणि ती सोय आमच्याकडे नाही. म्हणून दिवस ४, ७ आणि १४ चे निवडक ब्लॉक मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. साध्या खोक्यात, कापसात, उन्हापासून दूर. बर्फ नको, मेणाला चिरा पडतात. नव्या प्रयोगासाठी समितीकडे अर्जाचा मसुदा मॅडमना शुक्रवारपर्यंत हवाय : एकच शेड, मध्ये जाळी, एकाच गाडीची पिल्लं, आणि फरक फक्त एका गोष्टीचा. किती तासांचा उशीर मागायचा यावर अजून आमचं एकमत नाही.